डाव्या खांद्याची बंदूक

"आई, तुम्ही जरा बसा ना," असं माझी सून दिवसातून चार वेळा म्हणते. परवा मिक्सर घरघरत होता म्हणून मी त्याचं बूड उघडलं आणि स्क्रू जेवणाच्या ताटात ओळीनं मांडून ठेवले, तर तिनं कपाळाला हात लावला. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या या चौथ्या मजल्यावर हाताला दुसरं काम तरी काय आहे? बसणं मला कधीच जमलं नाही. लहानपणी आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आन् हाताला खाज." जात्याचा खुंटा सैल झाला की मी पाचर ठोकायची, दाराची कडी मी बसवायची, आणि मोडायला काही नसलं की धडधाकट वस्तू खोलून बघायची. सातवीनंतर शाळा सुटली आणि लग्न ठरेपर्यंत घरात बसायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्यातलं 'बसायचं' एवढंच मला झेपेना.

आमचं घर काशीमिऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याला. पुढच्या अंगाला हायवे, मागच्या अंगाला रान. दिवसभर चढावर ट्रक गिअर बदलायचे, त्या आवाजानं फळीवरची भांडी बारीक किणकिणत राहायची, आणि ट्रकांची रांग तुटली की मागून मोराची केका. आईचं माहेर उत्तनजवळच्या चौकचं, समुद्रावरचं. त्यामुळे घर शेतकऱ्याचं असलं तरी चूल कोळणीची होती. तांदळाची भाकरी, वर सुक्या जवळ्याची चटणी, बोंबलाचं कालवण. अंगणात कायम काहीतरी वाळत पडलेलं असायचं. बाहेरची माणसं ओट्यावर चढताना नाकाला उपरणं लावायची आणि ती असं का करतात ते आम्हाला खरंच कळायचं नाही.

बाबाला आम्ही 'अरे बाबा' असंच म्हणायचो. आता लिहिताना अहो-जाहो करायला गेले तर कोणा परक्याबद्दल लिहितेय असं वाटायला लागतं, म्हणून राहू दे. बाबाकडे दुनळी बंदूक होती. कोणी एक पारशी शेठ खाडीवर पाखरं मारायला यायचा, त्यानं ती आजोबांना दिली होती. शेताच्या राखणीसाठी तिचं लायसन होतं आणि गावात तेवढी एकच बंदूक होती. भात दुधावर आलं, म्हणजे दाणा दाबला की पांढरं दूध यायला लागलं, की डोंगरातून रानडुकरं उतरायची. एक कळप एका रात्रीत खाचर लोळवून टाकी. तेव्हा बाबा बांधावरच्या माळ्यावर, म्हणजे चार खांबांवरच्या मचाणावर, बंदूक घेऊन बसायचा आणि सगळं गाव त्याच्या भरवशावर झोपायचं. वर्षातले ते दीड-दोन महिने बाबा कोणीतरी मोठा माणूस असायचा. लोक त्याला चहा आणून द्यायचे, आणि एरवी त्याच्याकडे न बघणारे म्हातारेसुद्धा "काय, आज उतरतील का?" म्हणून विचारायचे.

मी सोळाची होते त्या वर्षी झोडणीत भाताचं कुसळ उडून बाबाच्या उजव्या डोळ्यात गेलं. कोणी गुलाबपाणी सांगितलं, कोणी मध सांगितला. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर दवाखान्यात नेलं तेव्हा डोळ्यात फूल पडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा डोळा गेला, दुसरा सांभाळा. बाबा घरी आला, बंदूक खुंटीवरून काढली, उजव्या खांद्याला लावली आणि तसाच उभा राहिला. बंदूक उजव्या खांद्याला आणि बघणारा डोळा डावा. डोकं कितीही तिरकं केलं तरी नजर नळीवर येईना. त्यानं बंदूक परत खुंटीला टांगली आणि त्या दिवसापासून तो घरात फेऱ्या मारायला लागला. ओट्यावर, अंगणात, गोठ्यात, परत ओट्यावर. तो हिंडायला लागला की मीही हिंडायची, आणि आई आमच्या दोघांवर करवादायची.

जेठात त्याचा चुलतभाऊ, भास्करकाका, ओट्यावर येऊन बसला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आता कबूल करते. तो म्हणाला, "दादा, लायसन माज्या नावावर करायचा अर्ज टाकू. गावाचा मत तसाच हाय. भात दुधावं येईल तवा कोन बसंल माल्यावं?"

बाबा उठून अंगणात एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "भात दुधावं येऊ दे. तवा बघू."

एवढीच मुदत होती. मी दाराआड उभी होते आणि माझ्या हाताला खाज सुटली होती.

दुसऱ्या दिवशी बाबा शेतावर गेल्यावर मी बंदूक उतरवली. काडतुसं पेटीत कुलपात असायची, त्यामुळे ती रिकामीच होती. खांद्याला लावून बघताना मला एक नवल दिसलं. बंदुकीचा लाकडी दस्ता सरळ नसतोच. तो नळीच्या रेषेपासून किंचित उजवीकडे झुकलेला असतो, उजव्या खांद्यावर टेकला की नळी आपोआप उजव्या डोळ्यासमोर यावी म्हणून. म्हणजे दस्ता डावीकडे झुकवला तर ती डाव्या डोळ्यासमोर येणार. शिवाय तो जुना दस्ता मुठीपाशी तडकलेला होता, तांब्याच्या तारेनं बांधलेला. संध्याकाळी मी बाबाला हे सांगितलं. तो म्हणाला, "डाव्या हातानं आपन काय करतो, ठाव हाय ना? त्या हातानं चाप वढू?"

"वढ ना," मी म्हटलं. "डुकराला काय कलतंय कंचा हात तो?"

आई जोरात हसली. बाबा हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही, आणि आमच्या घरात त्यालाच होकार समजायचे.

चौकला माझा मामा होड्या बांधायचा. मी दोन गाड्या बदलून त्याच्याकडे गेले आणि वाळूवर काडीनं दस्त्याचं चित्र काढून दाखवलं. मामा चित्राकडे न बघता म्हणाला, "फली कापून वाकरा आकार काढशील तर पयल्याच बाराला तुटंल. लाकूड जन्माचा वाकरा पायजे." एका मोडीत काढलेल्या होडीच्या बरगडीचा सागवानी तुकडा त्यानं शोधून दिला. होडीच्या बरगड्या झाडावरच वळत वाढलेल्या फांदीतून काढतात, त्यामुळे लाकडाच्या रेषासुद्धा त्याच वळणानं जातात. मला हवा होता तेवढाच बाक त्या तुकड्याला होता, आणि डावीकडे. मामानं तासायला एक वाकस, दोन पटाश्या आणि कानस दिली. "पोरीच्या जातीला हत्यार देतोस?" असं मामी म्हणाली, तर मामा म्हणाला, "तुज्या पोरांना दिला, त्यांनी काय केला?" मी ते सगळं गोणपाटात बांधून आणलं.

आधी मी पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा खोटा दस्ता केला. तो बाबाच्या खांद्याला लावून बघायचा आणि जिथे अडेल तिथे तासायचा. बाबा दोन मिनिटं उभा राहायचा आणि वैतागायचा, म्हणून मी तो जेवायला बसला की माप घ्यायची. खांद्यापासून बोटापर्यंत सुतळी लावायची आणि गाठ मारायची. आई त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत असायची. हे तिनं त्याच सुमाराला सुरू केलं होतं. मला तो लाड वाटायचा आणि थोडा रागही यायचा, कारण माझे काटे कोणी काढत नव्हतं.

जुना दस्ता निघता निघेना. लोखंडात घुसलेला मोठा स्क्रू गंजून बसला होता आणि मी जोर लावून त्याची खाच निम्मी झिजवली होती. हायवेवर एका सरदारजीचं ट्रकचं गॅरेज होतं. घरातली बंदूक रस्त्यावर नेता येत नाही एवढी अक्कल मला होती, म्हणून मी नुसतीच गेले आणि स्क्रूची हकीकत सांगितली. कशाचा स्क्रू, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "पहले घासलेट पिला, बेटी. दो दिन हात मत लगाना."

"दो दिन?" मी म्हटलं.

"जल्दी है तो तोड़ दे," ते म्हणाले आणि पुन्हा ट्रकखाली सरकले.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तीन वेळा झाडलोट केली, कोंबड्यांचं खुराडं उगाचच दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं. तिसऱ्या दिवशी स्क्रू लोण्यासारखा फिरला.

मग खरं काम. पावसाळाभर मी पडवीत बसून ते करत होते आणि 'बसून' हा शब्द माझ्या बाबतीत पहिल्यांदाच खरा होता. लोखंड लाकडात घट्ट बसायला हवं, केसाएवढीही फट नको. मामानं युक्ती सांगितली होती. होडीची फळी बसवताना ते काजळी लावून बघत. मी आईच्या पेटीतली काजळाची डबी पळवली. लोखंडाला काजळ लावायचं, लाकडावर दाबायचं, उचलायचं. जिथे काळा डाग पडला तिथे लाकूड अडतंय, तेवढाच डाग पटाशीनं खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा डाग. दिवसातून तीस-चाळीस वेळा. त्याच दिवसांत मला बघायला एक मंडळी आली. माझी दहाही बोटं काळी, हातावर पटाशीचे ओरखडे. मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी काय कामं करते?" आई म्हणाली, "सगली करते," आणि माझ्या हातावर पदर टाकला. ते स्थळ परत आलं नाही. मला त्याचं दुःख झालं नाही, उलट दुपार वाया गेल्याचा रागच आला.

शेवटी काचेच्या तुकड्यानं लाकूड घासून गुळगुळीत केलं आणि मामाला विचारून आले की वर काय लावू. तो म्हणाला, "होडीला लावतो ताच. मुशीचा तेल." मुशी म्हणजे शार्क मासा, तिच्या काळजाचं तेल होड्यांना पाजतात, त्यानं लाकूड पाणी पीत नाही. मामानं बाटली भरून दिली. मी सात हात दिले, प्रत्येक हात वाळवून. तो लालसर दस्ता असा झळकायला लागला की मी झोपायच्या आधी उगाच एकदा हात फिरवून यायची. आमच्या घरात कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात वास येतो हे कळायला माणूस बाहेरचाच लागायचा.

बाहेरचा माणूस म्हणजे हवालदार. राखणीच्या दिवसांआधी बंदूक ठाण्यात नेऊन दाखवावी लागे, बाबाबरोबर मीही गेले. हवालदारानं ती हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि एकदम लांब धरली. "अरे, नळीत बोंबील वाळवले का काय?" बाबा म्हणाला, "पोरीनं नवा दस्ता केला हाय, साहेब." हवालदारानं नंबर बघितला, दस्ता बघितला, माझ्याकडे बघितलं आणि "बरा केलाय," म्हणून रुमालाला हात पुसले. मला त्यातलं 'बरा केलाय' एवढंच ऐकू आलं.

श्रावण सरता सरता बाबानं बांधाच्या पलीकडे, डोंगराकडे तोंड करून, एक मडकं ठेवलं. भास्करकाकालाही बोलावलं. बंदूक डाव्या खांद्याला लावली. गाल लाकडाला टेकला आणि डोळा आपोआप नळीवर आला, ते मला बाजूनं दिसलं. पहिला बार मातीत गेला. दुसऱ्याला मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. भास्करकाका म्हणाला, "झाला, अर्जाचा काम न्हाय." बाबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "घट्ट बसलाय खांद्याला." त्या एका वाक्यावर माझे पाय आठ दिवस जमिनीला लागले नाहीत.

भात दुधावर आलं. बाबा माळ्यावर बसायला लागला. रोज सकाळी तो आला की मी विचारायची, "उतरली?" आणि तो म्हणायचा, "न्हाय." चार दिवस झाले, दहा झाले, पंधरा झाले. पलीकडच्या गावाच्या शेतात डुकरांनी धुमाकूळ घातला आणि आमच्या बांधाला खूरसुद्धा उमटेना. गावात म्हणायला लागले की डुकरांनी बाबाची धास्ती घेतली, एका डोळ्याचा झाला तरी वाघच तो. सगळे खूश होते. मी मात्र सैरभैर झाले होते. माझा दस्ता एकदा तरी डुकरावर चालायला हवा होता. नुसतं मडकं फोडायला का मी तीन महिने काजळ उगाळलं?

एका संध्याकाळी हट्टानं मीही माळ्यावर गेले. दिवस मावळत होता, खाडीकडून डोंगराकडे वारा वाहत होता. बाबानं बंदूक मांडीवर घेतली होती आणि तो रानाकडे तोंड करून स्वस्थ बसला होता, इतका स्वस्थ मी त्याला घरात कधी बघितला नव्हता. थोड्या वेळानं कारवीच्या झुडपांतून एक डुकरीण बाहेर आली, मागे पिल्लं. मी बाबाच्या गुडघ्याला हात लावला. तो हलला नाही. डुकरीण बांधापर्यंत आली, नाकाड वर केलं, वारा हुंगला, फुसकारली आणि पिल्लांना घेऊन आल्या वाटेनं उधळली. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हवालदाराचा रुमाल आठवला. मासळीचा वास! कोणत्या शिकाऱ्याच्या पोरीनं बंदुकीला मुशीचं तेल चोपडलं असतं? ते चौकच्या नातीलाच सुचावं.

मला रडू आलं. "बाबा, मी तुजी बंदूक घालवली," मी म्हटलं. "वासानं पलाली ती."

"कोन पलाली?" बाबा म्हणाला. मग लगेच म्हणाला, "हां. पलू दे. भात वाचला ना?"

त्या "कोन पलाली?"वर मी तेव्हा थांबायला हवं होतं. पण थांबणं मला ठाऊक नव्हतं. कापणी होताच मी तो दस्ता काचेनं पार खरवडला, सातही हात काढले आणि जवसाचं तेल लावलं. बाबा "राहू दे, राहू दे" म्हणत होता, तरी लावलं. पुढच्या फाल्गुनात माझं लग्न झालं. नवरा गिरणीत फिटर होता. त्याला माझ्या हातावरचे ओरखडे बघून हसू आलं, आणि संसार तिथूनच बरा चालला.

पुढच्या वर्षी भात दुधावर असताना मी माहेरी आले. गाडीतून उतरून बांधाबांधानं चालत निघाले आणि मला तो वास आला. बघते तर बांधावर हाताहातावर काठ्या रोवलेल्या आणि प्रत्येक काठीला तेलकट चिंधी. माळ्यावर बाबा बसला होता, मांडीवर बंदूक. मी वर चढले, दस्त्यावरून हात फिरवला. हात चिकट झाला. जवसाचं तेल कुठच्या कुठे गेलं होतं. कोपऱ्यात मामाची बाटली होती, आणि शेजारी काडतुसांचा खोका, वरचा कागदही न फाडलेला.

"बाबा, अशानं डुकरं कशी येतील मारायला?"

"तू आलीस? कवा?" आवाजाच्या दिशेनं त्यानं तोंड वळवलं, आणि ते माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला वळलं. मग मला ते माशाचे काटे आठवले.

"दुसरा पन?" मी विचारलं.

"ऊन असतंय तवा दिसतंय थोरा. दिवस कलला का न्हाय." त्यानं दस्ता थोपटला. "तू ही खांद्याला बरी बसवलीस, पोरी. पन डोल्याला कशी बसवशील?"

"मग ता मडकं?"

"मडकं काय पलतंय का? दुपारचा ठेवला होता, पांढरा चुना लावून." त्यानं बंदूक मांडीवर नीट ओढून घेतली. "त्या वर्षी मी रोज देवाला सांगत होतो, डुकर येऊ नको. आला आसता आन् मी चुकलो आसतो, तर भास्करचा अर्ज गेला आसता. तुज्या तेलानं वाचवला मना. आन् तू ताच खरवडून काढलास."

मला माझीच लाज वाटली. तीन महिने मी त्याच्या खांद्याची मापं सुतळीनं घेतली, गाठी मारल्या, आणि समोर बसून जेवणाऱ्या माणसाला काटे दिसत नाहीत हे मला दिसलं नाही. आईला दिसलं होतं. ती काही न बोलता काटे काढत होती.

"कोनाला सांगू नको," बाबा म्हणाला.

बाबा जाईपर्यंत त्या माळ्यावर दुसरं कोणी बसलं नाही. तो गेल्यावर आम्ही बंदूक सरकारजमा केली. तोपर्यंत आठ वर्षं, दर पावसाळ्यात, चौकहून मुशीच्या तेलाची बाटली मी नेऊन द्यायची. मामानं दिलेलं बूच सैल असायचं. भाईंदरला गाडी बदलून काशीमिऱ्याच्या गाडीत बसले की आजूबाजूची माणसं नाक मुरडून उठून जायची आणि अख्खा बाक मला मिळायचा. मी बाटली मांडीवर सरळ धरायची, बुचावर अंगठा दाबायची आणि उतरेपर्यंत अजिबात हलायची नाही.